टिचकीमावशीचं उंच स्टूल

टिचकीमावशीला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. शेजारणीचं बाळ देखणं आहे असं ती खुशाल म्हणायची आणि नवऱ्याचं घोरणं आपल्याला ऐकूच येत नाही असं सत्तावीस वर्षं सांगत आली होती. पण अंड्याच्या बाबतीत तिनं कधी खोटेपणा केला नाही. टिचलेलं ते टिचलेलं आणि धड ते धड. पुढे जे काही झालं ते या एका सवयीपायी झालं.

हे नावही तिला अंड्यांनीच दिलं होतं. डाव्या तळव्यावर तीन अंडी घ्यायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखानं प्रत्येकाला एक हलकी टिचकी मारायची आणि ऐकायचं. अंडं धड असलं की आवाज खणखणीत यायचा, केसाएवढा तडा असला तरी बद्द. बाकीच्या जणी अंडं दिव्यासमोर धरून तपासत. मावशीला दिव्याची गरज नव्हती. दिव्यासमोर एक अंडं फिरवून होईपर्यंत तिची तीन होऊन जायची, आणि दिव्यालाही न दिसलेला तडा तिच्या कानाला सापडायचा. नवीन आलेल्या पोरी तिच्याकडे तोंडात बोट घालून बघत राहायच्या, आणि तिला ते मनापासून आवडायचं. ती काही फार विनयशील बाई नव्हती.

तो सगळा भाग तसा दगडगोट्यांचा. जमीन बेताची, पाणी त्याहून बेताचं, आणि कामधंदा म्हणाल तर शहराकडे जाणारी बस पकडणं हाच. अशा ठिकाणी मालकांनी आपल्या अंगणात कोंबड्या पाळायला घेतल्या तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पुढे कोंबड्या वाढत गेल्या आणि अंडी निवडायला चार बायका लागल्या. त्यातली एक टिचकीमावशी. तेव्हा ती अंगणात पोतं अंथरून, मांडी घालून बसायची. समोर टोपली, बाजूला टोपली आणि चौघींच्या गप्पांना खळ नाही. मालकही उपड्या खोक्यावर बसून त्यांच्यात अंडी निवडत आणि वाईट वाईट विनोद सांगत. मावशीला ते "वहिनी" म्हणायचे.

मग डांबरी रस्ता आला, त्यावरून मालमोटारी आल्या आणि अंगणाचा कारखाना झाला. हे सगळं वाईट झालं असं मावशीच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. पूर्वी गरजेला झुडपामागे जावं लागायचं, आता आतून कडी लागणारं दार होतं. घ्यायला आणि सोडायला बस होती. आजारी पडलं तर सुट्टी मिळायची आणि दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार हातात पडायचा. गावातल्या निम्म्या पोरी त्या पगारावर शिकल्या. मावशीची मुलगीही त्यावरच शिकून दूरच्या शहरात नर्स झाली होती. मावशी म्हणायची, "आमच्या वेळेला हे असतं तर मीसुद्धा काय काय झाले असते!"

फक्त एकच गोष्ट अशी होती, की सुधारणा होण्याआधी त्या बसून काम करायच्या आणि सुधारणा झाल्यावर उभ्या राहिल्या.

त्याला कारण तो पट्टा. एकोणीस वर्षांपूर्वी यंत्रावर चालणारा एक लांबलचक पट्टा आला आणि त्यावरून अंडी घरंगळत पुढे जाऊ लागली. पट्टा माणसाच्या कमरेच्या जरा वर. त्याच्या दोन्ही बाजूंना अकरा अकरा, अशा बावीस बायका, सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत उभ्या. पट्ट्यासोबत एक सुपरवायझरही आला. त्याच्या गळ्यात शिट्टी. कुणी भिंतीला टेकलं, कुणी खोक्यावर क्षणभर बूड टेकवलं, की शिट्टी वाजलीच. बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव शिट्टीसाहेब ठेवून दिलं. माणूस मनाचा दुष्ट नव्हता. कामाच्या वेळी बसलेला माणूस म्हणजे आळशी माणूस, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो स्वतःही दिवसभर बसायचा नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

चोपन्नाव्या वर्षी मावशीच्या पायांनी तक्रार सुरू केली. संध्याकाळी चपला पायात शिरेनात. पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. बस थांब्यावर सोडायची, तिथून घर जेमतेम दहा मिनिटांवर. पण मधल्या ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसल्याशिवाय तिला पुढे जाता येईना. तिचा नवरा रोज पाण्याची बाटली घेऊन तिथं आधीच येऊन बसलेला असे.

नवरा सुतार. हात सोन्याचा, पण ज्या डांबरी रस्त्यानं कारखान्याला बरकत दिली त्याच रस्त्यानं शहरातल्या तयार खुर्च्या-कपाटंही आली आणि त्याच्या दुकानाला कुलूप लागलं. आता तो घरी बसून न मोडलेल्या वस्तू दुरुस्त करायचा. घरातल्या एकुलत्या एका टेबलाचा पाय त्यानं त्या वर्षात तीनदा सरळ केला होता. त्यामुळे दिवसभरात त्याला वाट बघायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे पुलाच्या कठड्यावरची ती दहा-पंधरा मिनिटं. मावशी पाय लांब करून बसायची, पाणी प्यायची आणि पट्ट्यावरच्या बातम्या सांगायची. तो हूं हूं करत ऐकायचा.

डॉक्टरांनी मावशीचे पाय बघून सांगितलं, "दिवसभर उभं राहणं बंद करा. नाहीतर वर्षभरात चालणं मुश्किल होईल."

मावशीनं शिट्टीसाहेबाला विचारलं, "साहेब, मला बसायला काही मिळेल का? हातांचं काम आहे, पायांचं तिथं काय अडलंय?"

"पट्टा उभ्या माणसासाठी बनलाय, मावशी," तो म्हणाला. "आणि हे बघा, महिनाअखेर मी यादी करतोय. ज्यांना उभं राहून काम झेपत नाही, त्यांची. तुम्हाला उभं राहवत नसेल तर घरी बसा."

म्हणजे बसायची सोय होती, पण ती घरी. पगार तर जाणारच, पण त्याहून तिला जे सहन होईना ते वेगळं होतं. तिच्या कानाइतकं चांगलं त्या पंचक्रोशीत कुणाकडे काही नव्हतं, आणि ते पायांमुळे वाया जाणार होतं. घरात दोन माणसांची अंडी. त्यांना टिचक्या मारून काय करणार?

त्या संध्याकाळी कठड्यावर तिनं शिट्टीसाहेबाचं बोलणं तेवढं सांगितलं, बाकी एकही बातमी सांगितली नाही. नवऱ्यानं बाटलीचं बूच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पट्टा किती उंच आहे?" त्यानं विचारलं.

"असेल इतका," मावशीनं हातानं दाखवलं.

"'असेल इतका' या मापानं सुतारकाम होत नाही. उद्या मोजून आण."

दुसऱ्या दिवशी मावशीनं आपल्या ॲप्रनचा बंद पट्ट्यापासून जमिनीपर्यंत सोडला, जिथं टेकला तिथं गाठ मारली आणि माप कमरेला बांधून घरी आणलं. नवऱ्यानं मोडीत काढलेल्या दाराचं लाकूड बाहेर काढलं. चार दिवस घरात करवतीचा आवाज होता आणि त्याच्या तोंडात शीळ. पाचव्या दिवशी स्टूल तयार झालं. उंच, पाय ठेवायला आडवी पट्टी, बैठक पुढच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे मांड्यांना काच बसू नये. मावशी त्यावर चढून बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही हे आधी का नाही केलंत?" हे तिचं कौतुक करायचं तंत्र होतं.

ते स्टूल बसमधून नेताना ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, याचं तिकीट?" सगळी बस हसली. पट्ट्यापाशी मात्र ते जेमतेम पाव तास टिकलं. शिट्टी वाजली.

"आज एक आलं, उद्या बावीस येतील," शिट्टीसाहेब म्हणाला. "हे इथं चालायचं नाही."

स्टूल गेटवर गेलं. ते टाकायचं कुठं हे कुणालाच ठरवता आलं नाही, म्हणून वॉचमननं ते आपल्या बुडाखाली घेतलं. तेव्हापासून तो रोज सकाळी बस आत शिरताना स्टुलावरूनच सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुमच्या यजमानांच्या हाताला तोड नाही! माझी पाठ दुखायची थांबली बघा." मावशीचा जळफळाट व्हायचा, आणि तरी नवऱ्याची तारीफ म्हणून जरा बरंही वाटायचं.

महिना संपायला आठवडा असताना बातमी आली, की सगळी अंडी विकत घेणाऱ्या कंपनीकडून एक बाई पाहणीला येणार आहेत. कामगारांना कसं वागवतात ते बघायला. शिट्टीसाहेबाची त्रेधा उडाली. भिंतींना चुना लागला. हात धुवायच्या जागी साबण आला. आणि भेटीच्या आदल्या दिवशी टेंपोतून बावीस लाल प्लास्टिकच्या खुर्च्या उतरल्या, प्रत्येकीच्या पाठीवर भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा पांढऱ्या रंगातला आकडा.

"उद्या सगळ्यांनी बसून काम करायचं," शिट्टीसाहेबानं जाहीर केलं. "आणि बाईंनी विचारलं तर एकच उत्तर. आम्ही रोज बसूनच काम करतो. चला, म्हणा."

"आम्ही रोज बसूनच काम करतो," बावीस जणी शाळेतल्यासारख्या सुरात म्हणाल्या.

मग रंगीत तालीम झाली. बायका खुर्च्यांवर बसल्या आणि पट्टा त्यांच्या नाकापाशी आला. खुर्च्या जेवायच्या टेबलाच्या मापाच्या आणि पट्टा उभ्या माणसाच्या. समोरच्या बाजूच्या अकरा जणींचे नुसते डोळे आणि कपाळं दिसत होती. मावशीच्या शेजारी काम करणारी एक बाई दिवसभर बोलायची म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणायचे. ती म्हणाली, "आपण कामाला आलोय का कुणाच्या खिडकीतून डोकवायला?" हसता हसता कुणाचा तरी धक्का लागला आणि सात अंडी खाली पडली.

"ठीक आहे, ठीक आहे," शिट्टीसाहेब घाम पुसत म्हणाला. "उद्या पट्ट्यावर आधीच तपासलेली अंडी सोडू. तुम्ही नुसते हात हलवा."

"तपासलेलीसुद्धा पुन्हा घरंगळताना टिचतात, साहेब," मावशी म्हणाली.

"एक दिवस टिचू द्या!"

मावशीला हे वाक्य शिवीपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी कठड्यावर तिनं सगळं नवऱ्याला सांगितलं. "खरं बोलले तर कंपनी अंडी घ्यायची बंद करेल म्हणे. मग बावीसच्या बावीस जणी घरी. आणि नाही बोलले तर परवा खुर्च्या परत जाणार आणि यादीत पहिलं नाव माझं. काय करू हो मी?"

"तुला जमेल ते कर," नवरा म्हणाला. "फक्त एक लक्षात ठेव. खोटं तुला नीट जमत नाही."

"मला? नाही जमत?"

"माझं घोरणं तुला ऐकू येत नाही म्हणतेस ना, ते लग्न झाल्यावर आठ दिवसांतच मला कळलं होतं."

मावशीची सत्तावीस वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाहुण्या बाई आल्या. किरकोळ अंगाच्या, पायात साधे बूट, हातात वही. सोबत मालक, आता केस पांढरे झालेले आणि गुडघ्यांनी जरा वाकलेले. मागे शिट्टीसाहेब, इस्त्रीच्या शर्टात. पट्टा चालू होता. बावीस जणी खुर्च्यांवर बसून, हात डोक्याच्या वर उचलून अंड्यांवरून फिरवत होत्या.

आणि बाई दारातून आत आल्या मात्र, बावीसच्या बावीस जणी उठून उभ्या राहिल्या.

हे कुणी ठरवलं नव्हतं. पाहुणा उभा आणि आपण बसलेलो, हे त्यांच्या अंगातच नव्हतं. रेडिओनं आपल्या खुर्चीची बैठक ॲप्रननं पुसली आणि ती पुढे सरकवली. "बसा ना बाई!" पलीकडची म्हणाली, "तिकडे ऊन येतंय, इथं बसा." तिसरीनं आपली आणून ठेवली. बघता बघता पाहुण्या बाईंच्या भोवती बावीस रिकाम्या लाल खुर्च्या जमल्या आणि त्या खुर्च्यांच्या मागे बावीस बायका आग्रह करत उभ्या राहिल्या. शिट्टीसाहेब सगळ्यांच्या मागून डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी खुणा करत होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

बाईंना हसू आवरेना. कुणाचं मन कशाला मोडायचं म्हणून त्या जवळच्या खुर्चीवर टेकल्या. ती नेमकी मावशीची. "आता तुम्हीही बसा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी उठते."

मग काय, आपापली खुर्ची ओढून सगळ्या जणी एकदम बसल्या. मावशीला रेडिओनं आपल्या अर्ध्या खुर्चीवर जागा दिली. भर कामाच्या वेळेला बावीस बायका खाली बसलेल्या. एकोणीस वर्षांची सवय माणसाला सोडत नाही. शिट्टीसाहेबाचा हात आपोआप गळ्याकडे गेला आणि काय होतंय हे त्याला कळायच्या आत शिट्टी वाजली, चांगली लांब आणि कडक.

बावीस जणी ताडकन उभ्या राहिल्या.

पाहुण्या बाईंनी मान वळवून विचारलं, "ही शिट्टी कसली?"

"आग लागली तर काय करायचं, त्याची चाचणी," शिट्टीसाहेब म्हणाला. त्याचे कान खुर्च्यांसारखे लाल झाले होते.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्या तिथंच बसून समोरच्या पट्ट्याकडे बघू लागल्या. पट्टा त्यांच्या नाकासमोर. त्यांनी हात वर करून एक अंडं उचलून बघितलं, तर कोपर पट्ट्याच्या कडेला अडलं, अंडं कसंबसं परत ठेवलं. त्या उठल्या आणि मावशीला म्हणाल्या, "मला जरा करून दाखवता का? रोज करता तसं."

मावशी आपल्या खुर्चीवर बसली. तिनं हात वर केले आणि ते अंड्यांवरून इकडून तिकडे फिरवायला लागली. घशाशी वाक्य तयार होतं. आम्ही रोज बसूनच काम करतो. एकवीस जणी तिच्याकडे बघत होत्या. मालक बघत होते.

पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. खुर्ची ठेंगणी असल्यामुळे मावशीचा कान आता पट्ट्याच्या अगदी बरोबरीला आला होता. एकोणीस वर्षांत तो पट्ट्याच्या इतक्या जवळ कधी गेला नव्हता. अंडी एकमेकांना हलके टेकत घरंगळत होती आणि त्यांचा आवाज सरळ तिच्या कानात शिरत होता. खण, खण, खण. तिला क्षणभर सगळ्याचा विसर पडला. आणि मग आलं ते. बद्द.

मावशीचा हात थबकला. टिचलेलं अंडं तिच्या नाकासमोरून चाललं होतं, पट्ट्याच्या पलीकडच्या कडेनं. खुर्चीतून हात तिथवर पोचत नव्हता. तिनं स्वतःला बजावलं, जाऊ दे, एक दिवस टिचू दे. अंडं पुढे गेलं. हातभर पुढे गेलं. आणखी थोडं गेलं की ते खोक्यात पडणार, आणि मग कुणाच्या तरी घरी जाणार, टिचकीमावशीच्या पट्ट्यावरून गेलेलं.

मावशी उठली. खुर्ची मागे कलंडली. दोन पावलांत ती तिथं पोचली, अंडं उचललं, टिचकी मारली आणि मालकांच्या कानापाशी धरलं.

"ऐका," ती म्हणाली.

मालकांनी ऐकलं. "बद्द," ते म्हणाले. उपड्या खोक्यावर बसणाऱ्या माणसाचा कान अजून शाबूत होता.

"बाई, मला माफ करा," मावशी वळून पाहुण्यांना म्हणाली. "या खुर्च्या काल आल्यात आणि उद्या जाणार. यात बसून काम होत नाही, हे तुम्ही आत्ता बघितलंतच. आम्ही रोज उभ्या असतो. शिट्टी आगीची नाही, बसलं की वाजते. पण तेवढ्यावरून अंडी घेणं बंद करू नका. हे गाव या अंड्यांवर उभं आहे. इथं बस आहे, पगार वेळेवर आहे, माझी मुलगी इथल्या पगारावर नर्स झाली. आम्हाला कारखाना नकोय असं नाही. आम्हाला फक्त बसायला हवंय. पट्ट्याच्या उंचीचं."

"असं काही मिळतं का?" बाईंनी विचारलं.

"गेटवर आहे. त्यावर वॉचमन बसलाय."

स्टूल आणायला माणूस गेला. वॉचमन ते स्वतःच उचलून घेऊन आला आणि जड मनानं पट्ट्यापाशी ठेवलं. आधी पाहुण्या बाई त्यावर चढल्या. पट्टा बरोबर त्यांच्या कोपराशी आला. त्यांनी पाय आडव्या पट्टीवर टेकवले, पुढे वाकल्या, मागे झाल्या आणि म्हणाल्या, "अरे वा!" मग मावशी बसली. तिनं तीन अंडी तळव्यावर घेतली आणि तिची बोटं अशी चालायला लागली, की रेडिओसुद्धा बोलायची थांबली.

"वहिनी, हे कुणी केलं?" मालकांनी विचारलं.

"आमच्याकडच्यांनी. ॲप्रनच्या बंदाच्या मापानं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगणारे यादीत जातात म्हणून," मावशी म्हणाली.

"कसली यादी?" मालकांनी शिट्टीसाहेबाकडे बघितलं. ती यादी पुन्हा कुणी बघितली नाही.

पाहुण्या बाईंनी जे बघितलं ते सगळं लिहिलं, खुर्च्यांचे पाठीवरचे आकडेसुद्धा. शेवटी म्हणाल्या, "अंडी बंद करायची गरज मला वाटत नाही. पण दोन महिन्यांनी मी पुन्हा येईन, न सांगता. तेव्हा मला खुर्ची दिलीत तर मी बसणार नाही." मालक म्हणाले, "तेव्हा खुर्ची नसेलच." आणि त्यांनी त्याच दुपारी मावशीच्या नवऱ्याला बोलावणं धाडलं.

सुताराच्या दुकानाचं कुलूप गंजलं होतं, ते तोडावं लागलं. मग तिथं अशी करवत चालली की बोलून सोय नाही. प्रत्येक बाईच्या बसण्याचं माप वेगळं घ्यायचं असा त्याचा हट्ट. त्यामुळे रोज संध्याकाळी बसमधून बायका उतरायच्या आणि दुकानात रांग लावायच्या. एकवीस स्टुलं करायची होती, झाली तेवीस. बाविसावं वॉचमनचं, कारण त्यानं तोंड इतकं पाडलं होतं की मावशीलाच बघवेना. आणि एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, शिट्टीसाहेब आला. बराच वेळ रंधा, पटाशी न्याहाळत राहिला आणि मग म्हणाला, "माझ्याही टाचा दुखतात हो. एकोणीस वर्षं झाली." सुतारानं त्याचंही माप घेतलं.

सगळी स्टुलं पोचली त्या दिवशी पट्ट्यावर पहिला तासभर नुसता गोंधळ होता. बायका सवयीनं उठायच्या, आठवलं की बसायच्या. शिट्टीसाहेबाचा हात दोनदा गळ्याकडे गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्यांदा त्यानं शिट्टी काढून खिशात ठेवली.

संध्याकाळी मावशी थांब्यावर उतरली आणि रेडिओनं दिवसभरात काय काय सांगितलं ते मनाशी घोळवत चालायला लागली. उन्हं उतरली होती. वारा छान होता. घरी पोचल्यावर काय काय करायचं याचा ती विचार करत होती, तेवढ्यात मागून हाक आली.

"अगं ए!"

मावशीनं मागे वळून बघितलं. पूल ती ओलांडून आली होती. कठड्यावर नवरा बसला होता, केसांत लाकडाचा भुसा, हातात पाण्याची बाटली. दुकान बंद करून तो धावतपळत आला असावा, अजून त्याला धाप लागली होती.

"आज बसायचं नाही?" त्यानं विचारलं.

मावशीनं खाली आपल्या पायांकडे बघितलं. चपला सैल होत्या. आपण न थांबता पूल ओलांडला हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं दोन्ही होऊ दिलं.

"दिवसभर बसूनच होते की मी," ती म्हणाली. "आता कशाला बसू?"

"हां. तेही खरंच," तो म्हणाला. बाटलीचं बूच त्यानं काढलं आणि पुन्हा लावलं. "चांगलंच झालं म्हणायचं."

मावशी दोन पावलं पुढे गेली. मग थांबली, मागे फिरली आणि कठड्यापाशी आली.

"पाय दुखतायत?" त्यानं घाईघाईनं विचारलं.

"अजिबात नाही."

"मग?"

"मग काय? सरका जरा तिकडे," मावशी म्हणाली, आणि त्याच्याशेजारी बसून तिनं पट्ट्यावरच्या बातम्या सांगायला सुरुवात केली.